पास आउट

अमेरिकेतल्या एका समर कॅम्पात लहान मुलं सांभाळायचं काम मला मिळालं, तेव्हा पत्रासोबत इंग्रजी जोडशब्दांची चार पानी यादी आली. क्लीन अप, लाइन अप, लुक आफ्टर, असले. त्या यादीनं माझं डोकंच फिरवलं. लुक माहीत, आफ्टर माहीत, दोन्ही एकत्र आले की तिसरंच काहीतरी.

हिंगण्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून आले की बाबा चहा घेता घेता माझी तोंडी परीक्षा घ्यायचे. आधी आपला अर्थ सांगायचे, मग माझा विचारायचे. लुक आफ्टर म्हणजे काय, तर 'नंतर पाहून घेतो'. म्हणजे चक्क धमकी! आई हसून हसून बेजार व्हायची.

'पास आउट'वर मात्र आमचं वाजलं. बाबा म्हणाले, कॉलेज संपवून बाहेर पडणं. अख्खं नागपूर तेच म्हणतं. मी चिडले.

"बेशुद्ध पडणं, बाबा. उन्हात एखादं पोरगं पास आउट झालं तं मी काय त्याचं अभिनंदन करत बसू? तुमाले समजत नाही तं मधात बोलू नका."

बाबांनी मुकाट्यानं वहीत लिहून घेतलं. माझी जीभ अशीच, डोक्याच्या आधी चालते. माफी मागायचं तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

जूनमध्ये मी गेले. बाबा त्याच महिन्याच्या शेवटी रिटायर होणार होते. एका रविवारी सकाळी मी नंदनवनला घरी फोन केला. आईचं गल्लीतलं सगळं सांगून झाल्यावर बाबांनी फोन घेतला. आई शेजारीच बसली होती. ते हळूच म्हणाले, "बेटा, मी काल पास आउट झालो. कंपनीत."

मला वाटलं, सुटले एकदाचे, निरोप समारंभ लवकर उरकला असेल. इकडे मुलांना रांगेत उभं करायचं होतं, मी घाईत होते.

"अभिनंदन बाबा! आल्यावर पार्टी पाहिजे."

ते नुसते हसले. मग म्हणाले, "हो, देतो ना."

आठ दिवसांनी बाबा गेले. कारखान्यातच, उभ्या उभ्या कोसळून. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, तोंडसुद्धा दिसलं नाही.

भेटायला आलेल्या त्यांच्या सोबत्यानं सांगितलं की आठवडाभर आधीही ते मशीनजवळ चक्कर येऊन पडले होते. घरी बायकोला कळू देऊ नका म्हणून त्यांनी हात जोडले होते. आई माझ्याकडे वळली.

"काहून वं, कोणालेच कसं नाही सांगितलं त्याईनं?"

मला सांगितलं होतं. आई घाबरू नये म्हणून इंग्रजीत, आणि मी शिकवलेल्या अर्थानंच. मी त्यांचं अभिनंदन केलं, हे आईला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.