बाटलीतला कापूर
कापराचा वास आला की मला अजून एका जागी बसवत नाही. काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नारळाच्या करवंट्यांपासून अतिसूक्ष्म छिद्रांचा कोळसा बनवत होते. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड तो धरून ठेवायचा आणि मिथेन पुढे जाऊ द्यायचा. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा केली, तेव्हा मी हौसेने कोळशाची बाटलीही उघडून यंत्रापुढे ठेवली. दसऱ्यानंतर मोजलं, तर कोळसा निम्माच वायू धरत होता. अहवाल दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. येरझाऱ्या घालता घालता मी वजनं करणाऱ्या माझ्या हाताखालच्या ज्युनिअर मुलीवर सगळ्यांसमोर खेकसले, "साधं वजनही धड करता येत नाही तुला?" ती मान खाली घालून बाहेर गेली. सुकलेला झेंडू गोळा करणारे शिपाईमामा शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, त्या उघड्या बाटलीसमोर कापूर आपणच लावलात ना?" मी बाटली नाकाशी नेली; कोळशाच्या छिद्रांत कापूरच भरून बसला होता. भट्टीत तापवल्यावर दोन तासांत कापूर उडून गेला, आकडा जागेवर आला. ती मुलगी आता वारज्यात, माझ्या शेजारच्याच गल्लीत राहते. भाजी घेताना दिसली की हसते, आणि मी दरवेळी घाईत असल्यासारखी पुढे निघून जाते.