आधी पाय बघ

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन कच्चं. कुणी वाचलंच तर चौथीनंतर शाळा सुटली, हे ध्यानात घ्यावं.

सासूबाईंच्या पायाची जखम चिघळली होती. पाय कापावा लागेल, अशी भीती होती. मिशनच्या दवाखान्यातली गोरी नर्सबाई महाडहून आमच्याकडे पोलादपूरला यायची. तिचं नाव विचारायचा मला कधी धीर झाला नाही. पट्टी सोडण्याआधी ती डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि ती लांबतच जायची. एकदा सासूबाई म्हणाल्या, "आधी पाय बघ गो. तुजा देव काय पळून जात नाय."

ती लाल झाली, मग हसली. त्यानंतर आमच्या घरात तिची प्रार्थना ऐकू आली नाही. कोमट पाण्यानं ती पाय धुवायची, बोटांच्या बेचक्यासुद्धा, अगदी सावकाश. जखम भरत आली.

मायदेशी परतण्याआधी ती शेवटची आली, तेव्हा सासूबाईंनी पाय मागं घेतला. "आज मीट डोळे. मी थांबते."

"आजी, पाय धुताना मी रोज तेच करत होते," ती म्हणाली. "ते मी इथे शिकले."

सासूबाईंनी पाय पुढं केला.

आता तो पाय मी धुते. घाई करत नाही.