दोघांचा क्लॅन

धम्मपाल गांगुर्डे नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर कामाला होता. मागच्या ऑगस्टमध्ये मशीनचा ठोका वेळेआधी पडला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

कारखान्याबाहेर त्याची एक वेगळी ओळख होती. मोबाईलवरच्या किल्ले पाडायच्या एका गेममध्ये तो नाशिकच्या पहिल्या वीस खेळाडूंत होता. गेम साधा. आठ कार्डांचा डेक निवडायचा, त्यातलं एकेक कार्ड मैदानात टाकायचं आणि तीन मिनिटांत समोरच्याचा किल्ला पाडायचा. धम्मपालचा डेक होता वेगाचा. समोरच्यानं विचार करायच्या आत त्याची चार कार्डं पडलेली असायची.

जखम भरल्यावर त्यानं डाव्या हातानं तोच डेक खेळून पाहिला. एकाच दुपारी अकरा मॅच हरला. प्रत्येक हारीला ट्रॉफी, म्हणजे त्याचे गुण, कमी होत गेल्या आणि क्लॅनमधले, म्हणजे त्याच्या संघातले पन्नास जण ते बघत होते. क्लॅनचा म्होरक्या ललित देवळाली कॅम्पात राहायचा. त्यानं फोन केला.

"धम्मादादा, थोडे दिवस आराम करा ना."

ललित प्रेमानंच बोलला होता. पण धम्मपालनं फोन पालथा ठेवला आणि तीन दिवस त्याला हात लावला नाही.

त्याची बायको अंजली नाशिकच्या उपनगर भागात घरातच शिवणक्लास घ्यायची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "वेगाचा डेक जमत नाही, तर दुसरा घ्या की."

"नवा डेक बसायला शंभर मॅच लागतात. तेवढ्या हरलो तर मी कुठच्या कुठं जाईन. आणि सगळे बघणार."

"माझ्या क्लासच्या बायका नवं कापड थेट कापतात का? आधी वर्तमानपत्रावर कापायला लावते मी. तसलं काही नाही का तुमच्यात?"

होतं. फ्रेंडली मॅच. त्यात ट्रॉफी जात नाहीत आणि दोघांची कार्डं सारख्या ताकदीची धरतात. पण ती मॅच क्लॅनमधल्या माणसाशीच खेळता येते आणि क्लॅनमधला कुणीही ती उघडून बघू शकतो. मग धम्मपालनं जुन्या फोनवर दुसरं खातं काढलं, अंजलीनं तिच्या फोनवर काढलं आणि दोघांचाच एक क्लॅन केला. त्याला नाव दिलं 'कच्ची शिलाई'.

अंजलीला त्यानं स्वतःचा जुना डेक शिकवला. सुरुवातीला ती चुकायची. महिन्याभरात तिचा हात असा बसला, की धम्मपालला समोर आपणच बसलोय असं वाटायचं. ती सारखी जिंकायला लागली. एकदा त्यानं फोन गादीवर आपटला.

अंजली शांतपणे म्हणाली, "रागात खेळायचं नाही. उद्या बघू."

हळूहळू नियम ठरत गेले. एका वेळी एकच कार्ड बदलायचं. बदलल्यावर दहा मॅच होईपर्यंत त्याला चांगलं-वाईट म्हणायचं नाही. का हरलो ते शिवणक्लासच्या वहीत मागच्या पानावर लिहायचं. नवा डेक संथ होता. समोरच्याला येऊ द्यायचं, अडवायचं, दमवायचं आणि मग एकच घाव घालायचा. फेब्रुवारीपर्यंत तो दहातल्या सहा-सात मॅच जिंकायला लागला.

त्याच सुमारास ललितच्या क्लॅनमधून स्पर्धेला निवडलेल्या पाच जणांतला एक आजारी पडला. नाशिक आणि निफाडच्या क्लॅनची फायनल दुसऱ्या दिवशी होती. ललितचा फोन आला.

"दादा, खेळाल? पण आज रँकमध्ये दहा मॅच खेळून दाखवा. मला पोरांना उत्तर द्यावं लागेल."

रँकमध्ये, म्हणजे ट्रॉफी लावून खेळलं, की कोणता डेक वापरला ते कुणालाही दिसतं. निफाडवाले नक्की बघणार. धम्मपालनं गेम उघडला. डावा अंगठा बटणावर आला. दहा मॅच जिंकून सगळ्यांची तोंडं बंद करावीत, असं त्याला फार वाटलं. अंजली शिवणाच्या मशीनवर बसली होती, पण पाय थांबला होता.

त्यानं गेम बंद केला.

"ललित, मला वगळ हवं तर. पण डेक आज दाखवणार नाही."



"ठीक आहे," ललित म्हणाला. "तिसरा सामना तुमचा."

देवळाली कॅम्पातल्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी सामने झाले. अंजलीही बरोबर आली होती. धम्मपालसमोर वाल्मीक नावाचा निफाडचा खेळाडू होता. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिल्या डावात धम्मपालचा अंगठा घामानं घसरला, कार्ड भलत्याच बाजूला पडलं आणि डाव गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "कशाला बसवलं यांना?" त्यानं पँटला अंगठा पुसला. दुसरा डाव त्यानं घेतला. वाल्मीक वेगाच्या डेकची तयारी करून आला होता आणि समोरून काही येतच नव्हतं.

तिसऱ्या डावात शेवटची वीस सेकंदं उरली तेव्हा दोन्ही किल्ले सारखेच मोडकळीला आले होते. धम्मपालच्या उजव्या हाताची नसलेली बोटं शिवशिवायला लागली. टाक, आत्ताच टाक. तो थांबला. पंधरा. दहा. वाल्मीकचा धीर सुटला आणि त्यानं हातातलं सगळं मैदानात सोडलं. धम्मपालनं ते एका कार्डानं अडवलं आणि चार सेकंदं उरली असताना आपला घाव घातला. किल्ला पडला.

क्लॅन मात्र तीन-दोननं हरला. ललितनं ते हरणं मनाला लावून घेतलं नाही. जाताना म्हणाला, "दादा, पुढच्या सीझनभर याच जागेवर राहा."

परतीच्या बसमध्ये धम्मपाल अंजलीशेजारी बसला. तिनं त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. बार्न्स स्कूलचा रस्ता मागे पडल्यावर तो आपणहून त्या ऑगस्टच्या सकाळबद्दल बोलायला लागला. मशीनचा आवाज आधीपासूनच बदलला होता, मला तो ऐकू आला होता, पण काम भरायचं होतं म्हणून मी थांबलो नाही, असं त्यानं सांगितलं. आजवर हे तो कुणाजवळच बोलला नव्हता. उपनगर येईपर्यंत तो बोलत राहिला.