बॅटरी उतरायची ती निघायच्याच दिवशी

मी आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवायची आणि आमचे हे सरकारी बसवर ड्रायव्हर होते. दोघंही रिटायर झाल्यावर आम्ही एक जुनी मिनीबस घेतली. निपाणीत गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या एका आप्पांनी तिच्या सीटा काढल्या आणि आत पलंग, ओटा, पंखा आणि छोटा फ्रीज बसवून दिला. गाडीत दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिनाची, दुसरी घराची, म्हणजे फ्रीज-पंख्यासाठी. दोन्ही एकमेकींना जोडणारा एक स्विच पलंगाखाली होता. इंजिनाची बॅटरी कधी बसलीच, तर तो चालू करून दुसरीच्या जोरावर गाडी सुरू करायची. एरवी तो बंदच ठेवायचा, हे आप्पांनी आम्हा दोघांना बजावून सांगितलं होतं.

पहिल्या फेरीला आम्ही कोल्हापूरकडं निघालो. कोगनोळीच्या अलीकडं यांनी असा ब्रेक मारला, की मागं ओट्यावरचे डबे खाली आले. मी ते गोळा करत होते.

"काय झालं वो?"

"कुत्रं आलतं आडवं," हे म्हणाले. थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी वळवली. पोटात कसंतरी होतंय म्हणाले आणि आम्ही हिंडलग्याला घरी परत आलो.

त्यानंतर गाडी काही निघेना. आदल्या दिवशी सामान भरायचं, फ्रीज लावायचा, आणि सकाळी चावी फिरवली की नुसतं टकटक. हे पलंगाखालचा स्विच चालू करून बघायचे, तरी तेच. चार्जर लावून बॅटरी भरायची, आठवड्यानं परत तेच.

मी मल्टीमीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. तिथं साडेबारासुद्धा धड नव्हते. म्हणजे गाडी पळाली तरी बॅटरी भरत नव्हती. बॅटरी भरणारा अल्टरनेटर गेला असेल असं आधी वाटलं, पण त्याच्या तोंडावर मोजलं तर व्होल्टेज बरोबर होतं. म्हणजे वाटेत कुठंतरी जोड नीट नव्हता. शोधता शोधता इंजिनापासून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी अर्थची पट्टी सापडली. बोल्ट ढिला आणि खाली गंज. पॉलिश पेपरनं घासून, बोल्ट आवळून परत मोजलं आणि काटा बरोबर चौदावर गेला. मला इतका आनंद झाला की मी यांना हाक मारून दाखवलं. हे नुसते "बरं झालं की" म्हणाले आणि पेपर वाचायला आत गेले.

पुढच्या खेपेला आम्ही कणकुंबीला जायचं ठरवलं. सकाळी बॅटरी पुन्हा बसलेली.

आता मात्र मला संशय आला. गाडी बंद ठेवून मी एकेक फ्यूज काढून पाहिला. घड्याळापुरता करंट जात होता, बाकी काही नाही. मधल्याच एका दिवशी, कुठं जायचं नसताना, फ्रीज, पंखा सगळं चालू ठेवून रात्र काढली. सकाळी इंजिनाची बॅटरी ठणठणीत. मग ती निघायच्याच दिवशी का उतरते?

पहिला संशय निपाणीच्या आप्पांवर गेला. नवी म्हणून जुनी बॅटरी माथी मारली असणार. नुसती मोजली की बरी दिसते, गरजेला बसते. मी बॅटरी भरून काढून घेतली, निपाणीला जाणारी बस धरली आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवली. आप्पांनी माझ्यासमोर तिच्यावर लोड टाकला. मीटरचा काटा खाली आला नाही.

"आक्का, बॅटरीत काय न्हाय बघा," ते म्हणाले. "ही कुणीतरी उतरवाय लागलंय."

"कुणी म्हणजे?"

"ते मी कसं सांगू? चावी कुणाकडं असतीय?"

चावी दोघांकडंच होती. परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात नको ते विचार सुरू झाले. अलीकडं हे स्कूटर दारात उभी असताना सिटी बसनं बेळगावला जायचे. बँकेत काम आहे म्हणायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. फोन आला की परसात जाऊन बोलायचे. मी जवळ गेले की "व्हय, व्हय, ठेवतो" म्हणून फोन बंद. इतकी वर्षं मी यांना ओळखते म्हणत होते, आणि आता यांचा शर्ट धुवायला घेताना खिसे चाचपत होते. माझ्याबरोबर कुठं जायचंच नाही की काय, असंही वाटून गेलं. मग गाडी घ्यायला एवढ्या हौसेनं का आले होते?

मी पुन्हा कणकुंबीचा बेत काढला. यांच्या कपाळावर आठी उठली ती मी पाहिली, पण हे "जाऊ की" म्हणाले. संध्याकाळी सामान भरलं, फ्रीज लावला, आणि शेवटी पलंगाखाली वाकून त्या जोडस्विचवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. स्विच बंद होता.

सकाळी चहाच्या आधीच मी गाडीत गेले. टेप निघालेली होती. स्विच चालू होता. रात्रभर फ्रीजनं दोन्ही बॅटऱ्या खाल्ल्या होत्या.

हे दारात येऊन उभे राहिले. "काय, बसलीच का?"

"या इकडं. बसा जरा."

हे पलंगावर बसले. मी टेपचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ही कुणी काढली?"

हे तो तुकडा बोटांनी गुंडाळायला लागले. "मीच काढली."

"आणि आधीच्या सगळ्या वेळेला?"

"पहिल्यांदा आपोआपच बसलीती. तू म्हणालतीस तो बोल्ट. मग मला ते सुचलं."

"पण का?"

"गाडी सुरू झाली असती तर चालवाय लागली असती."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. कोगनोळीजवळ कुत्रं नव्हतंच. डाव्या अंगाला मोटरसायकलवाला होता, मागं बाई, तिच्या मांडीवर लेकरू. आरशाला घासायची तेवढी बाकी राहिली होती, आणि यांना तो दिसलाच नव्हता. हॉर्न ऐकून ब्रेक मारला होता. सिटी बसनं जात होते ते डोळ्याच्या डॉक्टरकडं. डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर गेली आहे, ती परत येणार नाही, आहे ती थेंब घालून राखायची, आणि गाडी अजिबात चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. परसातले फोनही तिथलेच.

"एवढी वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा न्हाय," हे म्हणाले. "आता कुठल्या तोंडानं सांगू? गाडी मीच घेऊया म्हणालतो."

मी रागावले. मला सांगितलं नाही याचा राग, आणि चाचपलेल्या खिशांचाही. त्यांना म्हटलं, "मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं, तुम्हाला म्हाईत न्हाय."

"काय आणलंस?"

"ते आता राहू द्या."

यावर ते थोडं हसले. मला हसू आलं नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात मी बरोबर गेले आणि सगळं डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा ऐकलं. यांच्या सांगण्यावर विसंबायला मी तयार नव्हते.

कार मला येत होती, मिनीबस नव्हती येत. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर यांनी मला शिकवली. शिकवताना ते मास्तरांपेक्षा कडक. क्लच जरा लवकर सोडला की "बसमधली माणसं पडली बघ" म्हणायचे. पावसाळा सरल्यावर आम्ही कणकुंबीला गेलो. मी चालवत होते, हे शेजारी. जांबोटीच्या पुढं झाडी दाट झाली तसे ते सारखं विचारायला लागले, "डावीकडं काय हाय गं? ओढा दिसतोय का?" मी सांगत होते. दुपारी झाडाखाली भात टाकला, जेवलो आणि पंखा लावून झोपलो. गाडी एका चावीत सुरू झाली.

आता थेंब रोज सकाळी आणि रात्री घालायचे असतात. घातले का विचारलं की हे लगेच "व्हय, घातले" म्हणतात. ते आंघोळीला गेले की मी बाटली उजेडात धरून औषध कितपत उतरलंय ते बघते.