गोठ्यामागची गाडी

आमच्या गोठ्याच्या मागं एक गाडी होती. लाल होती असं सगळे सांगायचे, पन मी लग्न करून आले तेव्हा ती गंजून पार विटेसारखी झालेली, हात लावला की पापुद्रे निघायचे. दोनच दरवाजे, दोनच सीटा, वरचं छप्पर मागं पडनारं, परदेशातली जुनी रेसची गाडी. माझे सासरे मुंबईत एका शेठकडं ड्रायव्हर होते, त्या शेठची ही गाडी. शेठ वारले, मुलं परदेशात, ती म्हनाली काका तुम्हीच घेऊन जा, तुमच्याशिवाय ही कोनाचं ऐकत नाय. मग टेम्पोवर घालून ती पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आली, आनि गोठ्यामागं उभी राहिली ती राहिलीच.

आमच्याकडं पावसाच्या आधी सगळं झाकून ठेवतात, लाकडं, गोवऱ्या, पेंढा. तशी सासरे गाडी पन झाकायचे. आत पेंढा कोंबायचे, सीटांखाली, पायांशी, डिकीत, ओल लागू नये म्हनून, आनि वरून निळं प्लास्टिक दोरीनं आवळून बांधायचे. पेंढ्यात ठेवलेले आंबे, भांडी सगळं नीट राहतं, तर गाडी का नाय राहनार? पन पेंढा पानी धरून बसला. आतून सगळा तळ सडला. आमचे हे महाडला गॅरेजात डेंटर हायत, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करतात, त्यांनी एकदा आत हात घातला तर हात थेट खालच्या मातीला लागला. म्हनाले, "बाबांनी मायेनं कुजवली."

सासूबाई गेल्या आनि सासऱ्यांचं विसरनं चालू झालं. आधी आंघोळ केली का नाय ते विसरायचे, मग वाट विसरायला लागले. एकदा मी मुलीला झोपवून बाहेर आले तर पडवीत कोन नाय, मी तशीच पोरीला उचलून पळाले, रस्त्यापर्यंत, चप्पल नाय पायात, तर सासरे हायवेच्या कडेनं कशेडी घाटाच्या बाजूला चाललेले, शेजारून ट्रक जातायत, आनि ते ट्रकवाल्यांना हातानं पुढं व्हा पुढं व्हा करतायत. मी मुळातच घाबरट. आठवीत शाळा सोडली ती पन भीतीनंच, वाटेत ओढा लागायचा.

मग ते ह्यांना विसरले. पोटच्या पोराला. हे संध्याकाळी महाडवरून आले की सासरे उठून उभे राहायचे, या बसा म्हनायचे, कोन पाव्हने म्हनून मला हळूच विचारायचे. मला ते ताई म्हनायचे, शेठची मुलगी समजून. ह्यांना ते फार लागायचं. हात धुवायला गेले की बराच वेळ धूत बसायचे.

आनि सासरे घरात जेवायचे नाय. ताट समोर ठेवलं की बाजूला सारायचे. एक दिवस मला दिसले नाय म्हनून शोधलं तर गोठ्यामागं गाडीत बसलेले, स्टेरिंगला हात लावून. दरवाजा गंजून धरलेला, खिडकीतनं चढून गेले असतील, त्या वयात. मी भात कालवून वाटी खिडकीतनं आत दिली. जेवले. मग रोजचंच झालं. मी पोरीला दुसऱ्या सीटवर बसवायची, सीट कसली, नुसत्या स्प्रिंगा, वर गोधडी टाकून, आनि एक घास तिला एक घास त्यांना. पत्रा कापंल, धनुर्वात होईल म्हनून जीव मुठीत. ते मला विचारायचे, ताई कुठं घेऊ गाडी? मी म्हनायची महाबळेश्वर. मग ते लगेच सावरून बसायचे.

"आंबेनळीच्या घाटात धुकं असंल ताई. शाल घ्या अंगावर."

आनि जेवता जेवता घाट चढायचे. कुठं वळन, कुठं पान्याचं टाकं, सगळं बरोबर. पोरगी टाळ्या वाजवायची. खरं सांगते, मला ती वेळ आवडायची.

महाडच्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की जुन्या गोष्टी दाखवा, ओळखीच्या वस्तू, कधी कधी त्यानं आठवतं. ह्यांनी ते धरूनच ठेवलं. घरी आले ते थेट गोठ्यामागं गेले, गाडीभोवती फिरले, आनि मला म्हनाले, ही पहिल्यासारखी करतो. पहिल्यासारखी लाल. बाबांनी ती बघितली की त्यांना मी पन आठवंन, लहानपनी मला ह्याच गाडीत मांडीवर घेऊन फिरवलंय त्यांनी शेठला न सांगता.

मी घाबरत घाबरत म्हटलं, "अहो, पन बाबा जेवतात कुठं मग?"

"थोडे दिवस गो. तू भरव ना कशीतरी."

पाऊस संपल्यावर गाडी ढकलून अंगनात आनली, तीन चाकं फिरली, चौथं ओढत आलं. मग काय विचारता. रविवारी, आनि रोज कामावरून आल्यावर उजेड हाय तोवर ग्राइंडर. आमच्या अंगनात लाल धूळ, भांड्यांवर धूळ, पोरीच्या केसात धूळ, ती खोकायला लागली की मी तिला पदरात गुंडाळून मागच्या दारी पळायची. सडका पत्रा कापून काढला तर गाडीत गाडी किती राहिली? नुसता सांगाडा. शेजारची काकी कुंपनावरून बघायची. म्हनाली, "काय रे, ह्याच्यापेक्षा बायकोला एक कपाट बनवून दिलं असतंस तर कामाला आलं असतं." हे हसले, म्हनाले, काकी तुम्हालाच पहिली फेरी. "मला नको बाबा, तुझ्या गाडीला तळ नाय, माझे पाय धावतील खाली."

तळाला नवा पत्रा ठोकला, वेल्डिंग केलं. इंजिन पार धरलेलं, त्यात डिझेल ओतून ठेवलं, रोज सकाळी जाऊन हातानं फिरवून बघायचे, आनि एक दिवस ते फिरलं तेव्हा हे मला आत सांगायला धावत आले, हात काळे, मी रागावले नाय. कुठले कुठले पार्ट कुर्ल्याच्या भंगारातनं आनले. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, ती पुट्टी असते तशी, भरली, घासली, परत भरली. रंग मारायच्या दिवशी धूळ उडता कामा नये म्हनून मला अख्खं अंगन शेनानं सारवून घ्यायला सांगितलं. गॅरेजातला कोन हसला असता, पन धूळ बसली खरी. मी सारवलं, आनि त्या ओल्या अंगनात ती गाडी लाल होत गेली.

ह्या सगळ्या दिवसांत सासरे काय करायचे? पडवीत बसून ग्राइंडरच्या आवाजानं कानावर हात ठेवायचे. आनि जेवायच्या वेळेला गोठ्यामागं जायचे, तिथं गाडीच्या आकाराचं पिवळं पडलेलं गवत, त्याच्याभोवती फिरायचे. मी मागं वाटी घेऊन. दोन घास जायचे, कधी ते पन नाय. गळ्याची हाडं दिसायला लागली. मी ह्यांना दोनदा सांगितलं. हे म्हनाले, झालंच गो आता, एकदा बघू दे त्यांना, मग बघ.

गाडी झाली. खरंच, आरशासारखी झाली. वाडी लोटली बघायला. ह्यांनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, नव्या गाडीला करतात तसं सगळं. आनि सासऱ्यांना स्वच्छ शर्ट घालून हाताला धरून आनलं. मी पोरीला घट्ट धरून उभी. ह्यांचं तोंड मला दिसत होतं, लहान मुलाचं असतं तसं झालेलं.

सासरे गाडीभोवती फिरले. बॉनेटवर हात फिरवायला गेले आनि मागं घेतला, दुसऱ्याच्या वस्तूला आपन हात लावत नाय तसा. हार बघितला, लिंबं बघितली. मग ह्यांच्यासमोर येऊन हात जोडले.

"अभिनंदन शेठ. मस्त गाडी घेतलीत. फक्त पावसात जपा. आत पेंढा भरून ठेवा."

काही लोक हसले. काकी नाय हसली. हे म्हनाले, "बाबा, तुमचीच हाय ही." सासरे पन हसले, शेठनं थट्टा केली की ड्रायव्हर हसतो तसं.

आनि मग ते गोठ्यामागं गेले. त्या दिवशी त्यांना काय कळलं, का त्याच दिवशी कळलं, मला सांगता येत नाय. पन तिथून ते परत आले आनि ह्यांचेच हात धरले. "शेठ, माझ्या मालकाची गाडी गेली हो. कोनीतरी नेली. माझ्या ताब्यात होती. मी त्यांना काय तोंड दाखवू?" ह्यांनी त्यांना परत गाडीजवळ नेलं, स्टेरिंगवरची जुनी चीर दाखवली, आत बसवायला बघितलं. ते बसले नाय. चपला काढून लांब उभे राहिले आनि रडायला लागले. गाडी मिळाल्याशिवाय घास घेनार नाय म्हनाले.

आनि खरंच नाय घेतला. दुसऱ्या दिवशी पन नाय. पानी तेवढं चमच्यानं. मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, ताई सांगते जेवा म्हटलं, महाबळेश्वरला जायचंय म्हटलं. ते म्हनाले, कशातनं जायचं ताई? मी चुलीपाशी येऊन रडले, आवाज न करता, पोरगी घाबरंल म्हनून.

हे पडवीच्या पायरीवर बसलेले होते. कामावर गेले नव्हते. मग उठले, शर्ट आत खोचला, केसांवरून हात फिरवला, आनि सासऱ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता हे चिडतील. पन आवाज वेगळाच काढला, शहरातल्या मानसासारखा, जाडसर.

"ड्रायव्हर, गाडी मीच कामाला पाठवली आहे. तुमची काही चूक नाही."

सासरे धडपडत उठले. शर्टाचं वरचं बटन लावलं. खरंच का शेठ, म्हनाले. मग ह्यांच्याकडं नीट बघितलं, कित्येक महिन्यांनी ते ह्यांना ओळखत होते, पन पोरगा म्हनून नाय, आपला शेठ म्हनून.

"हो. जेवून घ्या."

"जी शेठ."

मी वाटी आनली. ते भिंतीकडं पाठ करून, मालकाकडं तोंड करून, घाईघाईनं जेवले, सगळा भात. हे समोर उभे, हात पाठीमागं बांधून, शेठ लोक उभे राहतात तसे. मागून मला ते हात दिसत होते, एकमेकांना इतके घट्ट धरलेले की नखं पांढरी झालेली. पुढून मात्र ते पक्के शेठच दिसत होते.

आता रोज असंच हाय. सकाळी कामावर जायच्या आधी आनि संध्याकाळी आल्यावर हे शर्ट खोचून समोर उभे राहतात, आनि सासरे जेवतात. दुपारी हे नसतात, तेव्हा मी सांगते शेठनी फोन केलाय, जेवायला सांगितलंय. तब्येत सुधारली त्यांची. हे त्यांना आता बाबा म्हनत नाय. एकदा चुकून तोंडातनं निघालं तर सासऱ्यांचा घास हातातच थांबला, इकडंतिकडं बघायला लागले, कोनाला हाक मारली म्हनून. ह्यांनी लगेच तोंड फिरवलं, आनि म्हनाले, जेवा, जेवा.