राखीव सीट

आमच्या शारजाच्या घरात जपानी रेल्वेचा बाक होता, हे मी सांगितलं की लोकांना थाप वाटते. पण होता! नव्वदच्या दशकात अख्ख्या एमिरेट्समध्ये धड एक आगगाडी नव्हती, आणि आमच्या हॉलमध्ये मात्र तीन माणसांची सीट, पाठ टेकायला राखाडी गादी आणि एका कडेला धरायला स्टीलचा दांडा.

हा उपद्व्याप आमच्या ह्यांचा. नोकरी जबल अलीला, पण शुक्रवारी सुट्टी लागली की पाय वळायचे अल क्वोजच्या गोदामांकडे. तिथे जपानहून वापरलेल्या मालाचे कंटेनर यायचे. फ्रीज, इंजिनं, टायर, आणि त्या दिवशी हा बाक. एका पिकअपवर घालून, वॉचमनला हाताशी धरून यांनी तो वर आणला.

"अहो, घर आहे का प्लॅटफॉर्म?" मी म्हटलं.

"मजबूत बघ किती! आईला बसायला होईल."

खरं दुखणं तेच होतं. सासरे त्या वर्षी गेले. साताऱ्याच्या घरात दुसरं माणूस नाही, म्हणून व्हिजिट व्हिसा काढून आम्ही सासूबाईंना घेऊन आलो. आणि आल्या दिवसापासून त्यांनी जी स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवर बैठक मारली, ती काही सुटेना. गुडघे कामातून गेलेले. उठायला दोन माणसं लागायची. सोफ्यावर बसा म्हटलं की, "नको गं बाई, पाहुण्यांची बैठक ती, मी कशाला मळवू?" एकदा यांनी बळंच बसवलं, तर सोफ्यात अशा रुतल्या की उठवता उठवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मग पुन्हा फरशी.

आणि रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर एकच प्रश्न, "माझ्या तिकिटाचं बघितलंस का रे?"

हे पेपरात तोंड घालायचे. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुमचं चाललंय ते छान आहे. पण मी कुठे बसायचं, काय करायचं, मला कळत नाही. आपल्या घरी निदान उंबरा तरी माझा आहे." मला रागही आला आणि रडूही आलं. त्या रिकाम्या घरात त्या एकट्या कशा राहणार होत्या? रात्री-अपरात्री पडल्या तर उचलायला कोण होतं?

बाकाचीही तीच गत झाली. "केवढ्याला घेतलास? नको, रुपयांत सांगू नकोस, जेवण जायचं नाही," एवढं बोलून त्या फरशीवरच राहिल्या. नवी वस्तू, म्हणजे ती पाहुण्यांची. हे डोक्यात पक्कं. मी हात टेकले.

मग आला पाहुणा. यांच्या ऑफिसातले जपानी इंजिनीअर. कंपनीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे, म्हणून यांनी जेवायला बोलावलं. मी शारजाच्या मार्केटमधून ताजी सुरमई आणलेली, मसालेभात, सोलकढी, सगळा थाट. साहेब आले, वाकून नमस्कार केला, आणि मी मोठ्या कौतुकाने त्यांना बाक दाखवला. बसा!

गृहस्थ थबकले. जवळ जाऊन गादीवरून हात फिरवला, दांड्याला हात लावला, आणि दोन पावलं मागे सरून उभेच राहिले. "प्लीज सिट," हे म्हणाले. त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, "प्लीज." पुन्हा मान हलवली. आता मात्र माझं डोकं सणकलं. म्हटलं, आमच्या बाकाला काय काटे आहेत? भंगारातला म्हणून बसत नाही की काय हा माणूस?

मग त्यांनी त्यांच्या त्या तुकड्या-तुकड्यांच्या इंग्रजीत सांगितलं. ही त्यांच्याच गावाकडची गाडी. विजेवर चालणारी, चकचकीत स्टीलचे डबे, कडेने निळा पट्टा. जपान सोडेपर्यंत रोज ते त्याच गाडीने कामाला जायचे. आता रेल्वेवाले एकेक डबा कारखान्यात नेऊन आतून नवा करत होते. फरशी नवी, दिवे नवे, सीटा नव्या. गाडी तीच. "ओल्ड सीट, खलास," म्हणून त्यांनी हात झटकले. इतर सगळ्या सीटा हिरव्या असायच्या. डब्याच्या टोकाची ही राखाडी तेवढी वेगळी, म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेली. आपण जन्मात तिच्यावर बसलो नाही, गाडी रिकामी असली तरीसुद्धा.

आमचे हे ते मराठीत करून सांगत होते आणि सासूबाई फरशीवरून मान उंचावून ऐकत होत्या.

"म्हणजे म्हाताऱ्यांसाठी सीट वेगळी ठेवतात? आणि तरणीताठी माणसं बसत नाहीत?"

"नाही बसत."

"कुणी ओरडल्याशिवाय?"

यांनी विचारलं. साहेबांनी जोरजोरात मान डोलावली. मग ते सासूबाईंसमोर आले, कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी बाक दाखवला. आमच्या दोघांचे हात धरून सासूबाई उठल्या. पदर सारखा केला. बसल्या. बाक ताठ, रुतायचा नाही. जरा वेळाने त्यांनी दांडा धरला आणि एकट्याच उभ्या राहिल्या.

"अगंबाई! उठता येतंय की गं मला!"

पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. लहान मुलासारखं चाललेलं. हे खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मी स्वयंपाकघरात पळाले, सुरमई करपायला आली होती.

दुसऱ्या दिवशी चहा बाकावर झाला आणि तिकिटाचा विषय निघाला नाही. आमच्या लेकीने तर पोलिसगिरीच सुरू केली. "बाबा, गेट अप! दॅट्स आज्जीज सीट!" हे बिचारे पेपर घेऊन सोफ्यावर. सासूबाई व्हिसा संपेपर्यंत राहिल्या, आणि मग दर हिवाळ्याला येऊ लागल्या. माझ्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून त्यांनी बाकावर घातली. फोनवर पहिला प्रश्न असायचा, "माझ्या सीटवर कुणी बसत नाही ना?"

साहेब अधूनमधून यायचे. सोफ्यावर बसायचे, तेही ताठ. बाकाकडे बघून हसायचे.

शेवटचे आले ते दोन हजार सालानंतर कधीतरी. आमच्यासाठी नव्या केलेल्या डब्याचा फोटो आणला होता. सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला. सीटा लाल झालेल्या, टोकाची मात्र अजून वेगळ्या रंगाची. "ठेवलीन् की हो जागा," म्हणून त्या खूश. मग त्यांनी साहेबांकडे नीट बघितलं.

"पिकला की रे हा. काय वय असेल?"

"साठ झाली, आई. रिटायर होऊन परत चाललेत."

"घरी कोण आहे?"

यांनी विचारलं. साहेब हसले आणि मान हलवली. दुसरं माणूस नव्हतं.

सासूबाई दांड्याकडे सरकल्या. गोधडी नीट केली आणि शेजारी हाताने थोपटलं. "बस."

साहेबांनी छातीशी हात नेऊन नाही म्हटलं.

"बस म्हणते ना! तिघांची आहे."

कुणी भाषांतर केलं नाही. साहेब उठले, आले आणि अगदी कडेला, गुडघे जुळवून बसले.

"नीट टेकून बस रे बाबा," सासूबाई म्हणाल्या, आणि ते टेकले.