गाडीचा जोड

विट्याच्या चार्जिंगच्या जागी संपतनं डिकीतली पिशवी उघडली, तर आतून नवं पायताण (चपला) निघालं. त्यानं पिशवी झटकून बघितली. गाडीत तीस किलोमीटरपुरती वीज उरली होती आणि सांगली त्याच्या दुप्पट लांब. तेवढ्यात हौसाच्या सुनेचा फोन आला. हौसाला एक वाजता ऑपरेशनला आत नेणार होते, आणि त्याआधी थोरलीला, म्हणजे मला, बघायचंय म्हणून ती हटून बसली होती. तेव्हा साडेदहा झाले होते.

हौसा माझी धाकटी बहीण. संपत माझा मुलगा. मुंबईत तो भाड्याची गाडी चालवायचा. तिथून येताना विजेवरची जुनी मोटार घेऊन आला. तिचं चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं, रस्त्यावरच्या यंत्रांच्या वायरीची गन नवी. मध्ये एक तुकडा लावावा लागतो. लोक त्याला अडॅप्टर म्हणतात, संपत जोड म्हणतो.

माण तालुक्यात आमच्याकडं आदल्या दिवशी वीज नव्हती, म्हणून गाडी अर्धीच भरली होती. सकाळी बाजरीचं पोतं बसावं म्हणून मी डिकी रिकामी केली. संपतनं पुढून विचारलं, "आये, जोड ठिवलास न्हवं डिकीत?"

"ठिवलाय की," मी म्हणाले.

आमच्यात जोड म्हणजे पायताणाचा. हौसासाठी घेतला होता. गाडीचा जोड सोप्यात (ओसरीवर) राहिला.

शेजारच्या हॉटेलात एक ट्रकवाला भजी खात होता. सगळं ऐकून म्हणाला, "आज्जी, गाडीच्याच पायात घालून बघा की. पळंल." लोक हसले. मलाही हसू आलं.

घरची वायर गाडीत होती. हॉटेलवालीनं मिक्सरची पिन काढून तिथं आमची लावू दिली, चहा दिला. संपत म्हणाला, तू एस.टी.नं पुढं हो. मी नको म्हणाले. गुडघे दुखतात, आणि एवढ्या मोठ्या दवाखान्यात एकटी कुठं शोधत फिरू? तासाभरानं बघितलं, तर दहा किलोमीटर वाढले होते. मग उठले; संपत गाडी भरून मागून येणार होता.

एस.टी.त खिडकी मिळाली. तासगावच्या बाजूला द्राक्षाच्या बागा, हिरव्यागार. आमच्याकडं मेंढरांना चारा नाही. माधवनगर आलं. हौसाचा नवरा इथं कापडाच्या गिरणीत लागला, म्हणून ती इकडची झाली.

पोहोचले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होतं. सुनेनं मला बाकावर बसवलं आणि डबा उघडला. जेवण कशाला, मी विचारलं.

"आत जाताना म्हणल्या, थोरली येईल, उपाशी आसंल, तिला आदी जेवाय घाला."

मी जेवले. पाच वाजता डॉक्टर बाहेर आले. हौसा गेली होती.

तिसऱ्या दिवशी परतलो. जोड गावाकडून एस.टी.नं मागवला होता. विट्यात तो लावला, आणि चहा पिईपर्यंत गाडी भरली. संपत म्हणाला, चूक माझी, मी उतरून बघायला पाहिजे होतं. त्याची नाही. जोडाचीही म्हणता येत नाही. मी तिथं तासभर खुर्चीत बसले आणि समोरून सांगलीच्या दोन एस.टी. गेल्या.

आम्ही चौघी बहिणी. दोघी आधीच गेल्या होत्या. आता मी एकटी आहे.